श्रद्धेचे खासगीपण : बजबजच्या निमित्ताने

कलकत्त्याहून हुगळीच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे निघाले म्हणजे, तागाच्या गिरण्यांची धुराडी आणि तेलाच्या कोठारांच्या प्रचंड टाक्या ज्या गावाची ओळख दुरूनच करून देतात, त्या बजबज गावच्या रेल्वे स्थानकात साडेसतरा वर्षांच्या अंतराने दोन खास गाड्या उभ्या होत्या. आणि माणसाची धर्मश्रद्धा समाजात खासगी राहू शकते की नाही, या जुन्या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला त्या दोन गाड्यांची आठवण पुनःपुन्हा होते. पहिली गाडी १९ फेब्रुवारी १८९७ ची. पश्चिमेची यात्रा आटोपून, कोलंबो व मद्रासमार्गे आलेले स्वामी विवेकानंद त्या दिवशी पहाटे बजबजला जहाजातून उतरले, खास गाडीत बसले आणि सियालदहला पोचले. तेथे हजारोंचा समुदाय त्यांची वाट पाहत होता. एका संन्याशाची श्रद्धा रस्त्यावर आली, मिरवली गेली, आणि सरकारच्या बंदोबस्ताला तीत भिण्यासारखे काही आढळले नाही.

दुसरी गाडी २९ सप्टेंबर १९१४ ची. बाबा गुरदित्तसिंगांनी भाड्याने घेतलेले ‘कोमागाटा मारू’ हे जपानी जहाज त्या वर्षीच्या एप्रिलात हाँगकाँगहून निघाले होते. त्यावर ३७६ प्रवासी होते, त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान व १२ हिंदू. आणि जहाजावरच एक गुरुद्वारा सिद्ध करून तेथे गुरुग्रंथसाहेबाची स्थापना केलेली होती. मायदेशापासून अखंड प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल, या कॅनडाच्या कायद्याने व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून पडलेले ते जहाज जुलैत परत फिरवण्यात आले. ते हुगळीत शिरले तेव्हा महायुद्धास तोंड लागले होते, परदेशस्थ हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाची धास्ती सरकारच्या मनात होती, आणि परदेशातून येणाऱ्यांच्या हालचालींवर निर्बंध घालण्याचा अधिकार देणारा वटहुकूम सप्टेंबरच्या आरंभीच निघाला होता. बजबजला उतरवलेल्या प्रवाशांना फर्मान झाले की, समोर उभ्या असलेल्या खास गाडीत बसून थेट पंजाबात जावे. साठेक माणसे गाडीत बसली. उरलेल्यांनी, आपणास कलकत्त्यास काम आहे आणि ग्रंथसाहेब गुरुद्वाऱ्यात पोचता केल्याखेरीज आपण पुढे जाणार नाही असे सांगून, ग्रंथ अग्रभागी ठेवून कलकत्त्याच्या रस्त्याने पायी चालण्यास प्रारंभ केला. काही मैलांवर फौज आडवी आली. मिरवणूक बजबजला परत आणली गेली. आणि सायंकाळी स्थानकाजवळ, ग्रंथाभोवती बसलेल्या त्या समुदायातून गुरदित्तसिंगांना ताब्यात घेण्याच्या प्रयत्नात गोळीबार सुरू झाला. प्रवाशांपैकी वीस जण आणि त्यांच्याखेरीज काही गोरे अधिकारी, शिपाई व गावकरी त्या रात्री प्राणास मुकले.

आता सरकारच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे ते प्रथम म्हटले पाहिजे. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने प्रजेच्या धर्मश्रद्धेत व पूजाअर्चेत हस्तक्षेप न करण्याचे वचन दिलेले होते, आणि बजबजच्या अधिकाऱ्यास कुणी विचारले असते तर, ‘यांच्या श्रद्धेला मी कोठे हात लावला? ग्रंथ गाडीत घेऊन बसा, मनात जे मानायचे ते माना,’ असे उत्तर त्याने निःशंकपणे दिले असते. प्रवाशांचे सर्वच हेतू धार्मिक होते असेही नव्हे. गुरदित्तसिंगांना जहाजाच्या व्यवहाराचे हिशेब कलकत्त्यातच मिटवायचे होते आणि परदेशी झालेल्या अपमानाची धग सर्वांच्या मनात होती. परंतु १७०८ साली नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवण्यापूर्वी ज्या ग्रंथाला गुरुपद दिले, त्या ग्रंथाकडे शीख मनुष्य पुस्तक म्हणून पाहत नाही. त्याला वस्त्रे असतात, आसन असते, चवरी ढाळली जाते, रात्री विश्रांती दिली जाते, आणि नेताना तो मस्तकावरून न्यावा लागतो. असा गुरू इतर सामानाबरोबर डब्यात ठेवून हुकमाप्रमाणे कोठेही न्यावा असे सांगणे म्हणजे श्रद्धेला हात न लावणे होय, असे ज्याला प्रामाणिकपणे वाटते त्याच्या कल्पनेतील श्रद्धा मुळातच निराळी असते. मराठी माणसाने येथे आणखी एका गोष्टीचे स्मरण ठेवावे. त्या ग्रंथात आमच्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, आणि बंगाल ज्यांना आपले म्हणतो त्या जयदेवांचीही दोन आहेत. बजबजच्या धुळीत त्या सायंकाळी जे बसले होते त्यांच्या मध्यभागी पंढरीचाही एक स्वर होता.

श्रद्धा अंतःकरणात वसते, राज्याचा अंमल देहावर व मालमत्तेवर चालतो, तेव्हा दोहोंनी आपापल्या हद्दीत राहावे, ही मांडणी युरोपातली. जॉन लॉक याने १६८९ च्या सुमारास सहिष्णुतेवरील आपल्या पत्रात ती अतिशय स्वच्छ शब्दांत केली. दीर्घ धर्मयुद्धांनी होरपळलेल्या समाजाला तिने जे अभय दिले त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण धर्म म्हणजे मुख्यतः मनातले मत असे ज्या पंथाला वाटते, त्याच्याच मापाने ती बेतलेली आहे. आमच्याकडे गणित उलटे होते. तू मनात काय मानतोस, असे महाराष्ट्रात कुणी कुणाला फारसे विचारले नाही. तू कुणाच्या पंक्तीस जेवलास, कुणाच्या हातचे पाणी प्यालास, विधवेचे केशवपन केलेस की नाही, हे मात्र साऱ्या गावाने विचारले. ईश्वर नाही असे मानणारा शास्त्री पंगतीत पहिल्या पाटावर बसू शकत होता, आणि परमभक्त मनुष्य एका घोट चहाने पंक्तीबाहेर जात होता.

हा चहा अलंकारिक नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने चाळीसहून अधिक प्रतिष्ठित मंडळी जमली, त्यांत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली, कुणी घेतली, कुणी नुसता पेल्यास हात लावला, आणि ज्या गोपाळराव जोश्यांनी हा योग घडवून आणला होता त्यांनीच पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून टाकली. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, बहिष्काराचे ग्रामण्य माजले, कित्येक घरांना श्राद्धपक्षास ब्राह्मण मिळेनात. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवले. रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारकांत त्याबद्दल मोठी नाराजी पसरली. त्या चौकशीची जी हकीकत उपलब्ध आहे ती वाचताना माझ्या मनाला एकच गोष्ट लागून राहते. त्या चाळीस जणांपैकी कुणाची ईश्वरावरील निष्ठा उणी झाली काय, हा प्रश्न वादाचा विषयच झाला नाही. रानड्यांचे प्रार्थना समाजातील एकेश्वरी चिंतन वर्षानुवर्षे पुण्याला खपत आले होते. न खपणारी वस्तू पेल्यातली होती. प्रायश्चित्त मनासाठी नव्हतेच. घरच्या लेकीबाळींची लग्ने आणि स्नेह्यासोबत्यांचे मिंधेपण यांचा तो हिशेब होता, आणि ज्या थोर पुरुषाने तो चुकता केला त्याला भित्रा म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

याच पुण्यात, याच वर्षांत, दुसऱ्या एका घरात हा प्रश्न याहून कितीतरी खोल गेला. आणि त्या घराच्या स्वामिनीचा मार्ग कलकत्त्यावरूनच आला होता. पंडिता रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचल्या तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या; ब्राह्मो पुढारी केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास सांगितले. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला तो १८७२ च्या तिसऱ्या कायद्यान्वये. हा कायदा केशवचंद्रांच्या खटपटीतून जन्मास आला होता, आणि त्याची अट अशी होती की, वधूवरांनी आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, बौद्ध, शीख वा जैन नाही, असे दप्तरात लिहून द्यावे. धर्मभेद व जातिभेद ओलांडून विवाह करणाराला राज्याने वाट करून दिली खरी, परंतु त्या वाटेच्या तोंडाशी श्रद्धेचा कबुलीजबाब मागणारा नाका बसवला. रमाबाईंचा विश्वास जुन्या धर्मावरून तेव्हा उडालेला होता, म्हणून त्यांना सही करणे जड गेले नसावे. ज्यांना आपली श्रद्धा न सोडता केवळ विवाह हवा होता त्यांनी काय करावे, याचे उत्तर त्या कायद्याने १९२३ पर्यंत दिले नाही. त्या वर्षीच्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपसात नकार न लिहिता विवाह करता येऊ लागला.

वैधव्यानंतर विलायतेस गेलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ च्या मार्चात मुंबईस शारदा सदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. विधवा व निराधार मुलींना तेथे धर्मप्रसार न करता शिक्षण द्यावे असे अभिवचन होते, आणि त्याच भरवशावर रानडे व भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार म्हणून उभी राहिली होती. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. मुली येऊन बसत. दार लावून घ्या, अशी सूचना झाली. रमाबाईंनी ती मान्य केली नाही. माझ्या घरी मी मोकळेपणाने प्रार्थना करणार, मुलींना त्यांच्या धर्माचे आचरण करण्यास मुभा आहे तशीच मजजवळ येऊन बसण्यासही आहे, असा त्यांचा आशय होता. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ साली रानडे-भांडारकरांनी संबंध सोडला, पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगी कुणाचे चुकले याचा निवाडा करण्यापूर्वी मी बराच थांबतो. पालकांना वचन दिलेले होते, आणि ज्या मुलीला जाण्यास दुसरे घर नाही तिच्यासमोर अन्नदात्या माउलीच्या खोलीचे दार उघडे असते तेव्हा त्या उघडेपणात एक मूक ओढ असतेच. बरोबरीच्या मंडळींत केलेली प्रार्थना आणि आश्रितांसमोर केलेली प्रार्थना या एकच गोष्ट नव्हेत. रानड्यांची शंका क्षुद्र नव्हती. तरीही त्याच मुलींच्या मस्तकावरून वस्तरा फिरला, त्यांचे कुंकू पुसले गेले, त्यांना एकवेळचे अन्न नेमून दिले गेले, तेव्हा ‘बाळे, हे तुझ्या श्रद्धेस पटते काय?’ असे विचारण्यास एकही सल्लागार मंडळ बसलेले नव्हते. घरातल्या धर्माची सक्ती कुणाला दिसली नाही. खोलीतल्या प्रार्थनेचे निमंत्रण साऱ्या शहराला दिसले. म्हणून रमाबाईंनी दार लावले नाही याचा मला आजही आदर वाटतो.

त्याच १८९३ साली पुण्यात घरचा गणपती चौकात आला. गणेशोत्सवाने मराठी मनाला जे दिले त्यावर मीही वाढलो आहे. मेळ्यांची पदे, आरतीच्या वेळी एकमेकांस ओळखू लागणारे शेजारी, व्याख्यानांस प्रथमच घराबाहेर पडलेल्या बायका, यांपैकी कशाचेही मोल मी नाकारीत नाही. परंतु दोन घटना शेजारी ठेवून पाहणे भाग आहे. एका बाईचा स्वर आपल्याच खोलीतून ओसरीपर्यंत आला तर तो सार्वजनिक धोका ठरला, आणि देवघरातली मूर्ती सबंध रस्त्यावर आली ती समाजाची जागृती ठरली. ज्या श्रद्धेला बहुसंख्येचा आधार असतो ती कितीही पसरली तरी चालीरीत म्हणून, संस्कृती म्हणून पाहिली जाते, तिच्याकडे कुणी परवाना मागत नाही. थोड्यांची श्रद्धा उंबऱ्यावर जरा दिसली की ती प्रदर्शन ठरते. टिळक १९०६ मध्ये कलकत्त्यास शिवाजी-उत्सवासाठी गेले तेव्हा त्या राष्ट्रीय समारंभात भवानीची मूर्ती पुजली गेली आणि त्यावरून तेथे वाद झाला. पूजणाऱ्यांच्या मनात कुणाला वगळण्याचा हेतू नसेल. पण मूर्तिपूजा न मानणाऱ्या देशभक्ताने त्या मंडपात कोठे उभे राहावे, हे त्यांना सुचलेही नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हा सारा गुंता संविधानापुढे आला. २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला, तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून. कृपाण धारण करणे हे शीख धर्माचरणात मोडते असे स्पष्टीकरणही त्यातच घातले. म्हणजे श्रद्धा नुसती मनात राहत नाही, हे घटनाकारांनी जाणले होते. त्याचबरोबर डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या डिसेंबरात घटनासमितीत हेही बजावले की, या देशात धर्माची व्याप्ती जन्मापासून मरणापर्यंत सर्वत्र पसरलेली असल्याने ती सगळीच अबाधित धरली तर कोणतीही सामाजिक सुधारणा करता येणार नाही. मग रेषा कोठे ओढावी? सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात धर्माच्या अत्यावश्यक अंगांना संरक्षण आहे असे म्हटले, आणि तेव्हापासून अत्यावश्यक काय आणि गौण काय हे ठरवण्याचे, एरवी धर्मपीठांना शोभणारे काम न्यायमूर्तींच्या माथी आले. बजबजला उतरलेल्या त्याच संन्याशाने स्थापिलेल्या रामकृष्ण मिशनने आपला पंथ हिंदू धर्माहून वेगळा आहे असे प्रतिपादन केले, तेव्हा तो तसा नाही हे १९९५ मध्ये न्यायालयानेच सांगितले. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध केलेला कायदा दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या अर्जावरून १९६२ मध्ये रद्द झाला, कारण बहिष्कृत करण्याचा अधिकार हेही पंथाच्या धर्मव्यवस्थेचे अंग मानले गेले. तो निवाडा फेरविचारासाठी २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला आहे. महाराष्ट्राने मात्र जातपंचायतींचा अनुभव घेऊन २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. पंचहौदच्या चहानंतर सव्वाशे वर्षांनी.

राज्य श्रद्धा विचारीत नाही असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक दस्तऐवज पाहावा. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात असे कलम होते की, हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी व त्यांच्यामागे लाखोंनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली; १९५१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्राच्या मुलखात अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध १९६१ मध्ये अठ्ठावीस लाखांच्या घरात गेले. यांतील प्रत्येक कुटुंबाला खानेसुमारीच्या कारकुनासमोर, शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर एक रकाना भरायचा होता, आणि तो रकाना खरेपणाने भरला तर केंद्राच्या सवलती बंद होत्या. शीखांना त्या आदेशात १९५६ साली स्थान मिळाले. बौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले. ख्रिस्ती व मुसलमान झालेल्या दलितांना ते अद्याप नाही. ज्याच्या घरात बुद्धाची तसबीर आहे आणि मुलाच्या दाखल्यावर पूर्वीचीच जात व ‘हिंदू’ असा शेरा आहे, त्या बापाला खोटे बोलणारा म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. मुलाच्या शिष्यवृत्तीची किंमत म्हणून श्रद्धा लपवावी लागणे हे खासगीपण नव्हे, ती जबरीने लादलेली मुकेपणाची शिक्षा आहे. आणि हा सारा विषय चर्चेत येतो तेव्हा ‘धर्म घरात ठेवा’ हे वाक्य सहजपणे उच्चारणाऱ्यांना घर कुणाचे आणि दाराबाहेर उभा कोण, हे विचारण्याची इच्छा मला आवरत नाही.

परदेशांत याहून फार निराळे घडते असे नाही. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांतून ठळक धर्मचिन्हांस मज्जाव केला; ज्या कॅनडाने ‘कोमागाटा मारू’ परत लोटले तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका शीख विद्यार्थ्यास कृपाणासह शाळेत येण्याचा हक्क मान्य केला, २०१६ मध्ये पंतप्रधानांनी त्या जहाजाबद्दल संसदेत क्षमा मागितली, आणि त्यानंतर तीन वर्षांनी त्याच देशातील क्वेबेक प्रांताने शिक्षक, पोलीस व सरकारी वकील यांना कामावर असताना पगडी वा शिरोवस्त्र घालण्यास बंदी केली. बजबजला १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्या प्रवाशांच्या ज्या स्मारकाचे उद्घाटन झाले त्याची आकृतीही आकाशाकडे टोक केलेल्या कृपाणाची आहे.

ज्यांची काहीच श्रद्धा नाही त्यांचीही गोष्ट याच आढाव्यात येते. हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली, आणि १९७७ मध्ये मृत्यूपूर्वी, आपले दहन व्हावे व कोणताही धर्मविधी होऊ नये, अशी इच्छा लिहून ठेवली. ती पाळली गेली आणि तिच्यावरून क्षोभही झाला. स्वतःच्या देहाचे काय व्हावे, याहून खासगी प्रश्न मला तरी सुचत नाही. तरी त्याचे उत्तर एका मृताने दिले म्हणून जिवंत माणसे दुखावली. श्रद्धेला जसे सोबती, स्वर, वस्त्र, वाट लागते तसेच अश्रद्धेलाही स्मशान लागतेच, आणि तेही गावाच्याच हद्दीत असते. म्हणून श्रद्धा खासगी राहू शकते काय, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण तिच्याविषयीच्या विचारणेतून सुटका मात्र माणसाला मिळू शकते, आणि ती देणे श्रद्धावंताच्या हाती नसून भोवतालच्यांच्या हाती आहे. बजबजच्या अधिकाऱ्याने, पुण्याच्या ग्रामण्याने, दाखल्याच्या रकान्याने जे दिले नाही ते हेच.

ते देण्याची एक सोपी जागा आजही मोकळी पडली आहे. १८७२ च्या कायद्यातला नकाराचा कबुलीजबाब १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने काढून टाकला. कोणत्याही धर्माच्या स्त्रीपुरुषांनी आपली श्रद्धा न सांगता, न सोडता विवाह करावा अशी मुभा झाली. मात्र विवाहापूर्वी जाहीर नोटीस लावून थांबण्याची चाल तशीच राहिली. रमाबाईंच्या काळी तिची मुदत चौदा दिवसांची होती, आज तीस दिवसांची आहे. आपापल्या धर्मविधीने लग्न करणाऱ्या हिंदू वा मुसलमान जोडप्याला अशी कोणतीच मुदत नाही. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर असावी असे म्हटले. परंतु कायद्याचे शब्द बदललेले नाहीत, आणि विवाह नोंदणी कार्यालयाच्या भिंतीवरील फळ्यावर त्या दोघांची नावे, वये, धंदे व राहण्याची ठिकाणे, येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही वाचता यावीत अशी, महिनाभर टाचलेली असतात.